तापकड्याची सून आणि सात अंडी

“सून दिसायला बरी आहे. पण हात गार आहेत हो. अंड्यांपाशी फिरकू देऊ नका तिला.”

असं एकदा एक सासू म्हणाली, आणि नेमकं ते सुनेनं ऐकलं. आता कुठली सासू, कुठली सून, ते सांगते. सरका जरा, मलाही पांघरूण द्या.

एक होता तापकडा. उंच, उघडा, नुसता खडक. तिथं खवल्यांची माणसं राहायची. माणसंच बरं का, आपल्यासारखी. भांडायची, लग्नं लावायची, पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायची नाहीत. पण अंगावर खवले, मागे शेपूट, आणि रक्त थंड. रात्री ती पार गारठून जायची. सकाळी सपाट खडकावर ओळीनं बसून ऊन खायची. मग आधी बोटं हलायची, मग जीभ, आणि सगळ्यात शेवटी कान उघडायचे. म्हणून तापकड्यावर सकाळी बोलणारे पुष्कळ, ऐकणारं कुणी नाही.

उन्हाची पहिली जागा सासूची. तिचं नाव गेरूबाई. शेजारी तिची लेक पिवडी. नवी सून अभ्रका अगदी टोकाला, सावलीत. हिचे कान अजून बंद असतील असं धरून गेरूबाई बोलून गेली. पण अभ्रका होती नदीकाठची. तिथं झाडी दाट, ऊन पळीभर. तेवढ्यावर भागवणारी ती माणसं, त्यांचे कान सगळ्यात आधी उघडतात. तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग तिनंही सांगितलं नाही.

आता त्या घरची सात अंडी वाळूत पुरलेली होती. रीत अशी, की घरातल्या सगळ्या बायकांची अंडी एकाच खड्ड्यात ठेवायची. कुठलं कुणाचं ते विचारायचं नाही. त्यातलं एक अभ्रकाचं होतं. पण तसं म्हणायचं नाही, आणि आता तर जवळही जायचं नाही. ती लांबूनच बघायची. अंडी फुटायला चार-दोन दिवस राहिले होते.

मग काय झालं, धुकं आलं. आलं ते जाईना.

पहिल्या दिवशी गेरूबाईनं अंडी आणखी खोल पुरली. पण खाली वाळू जास्तच गार.

दुसऱ्या दिवशी अभ्रका सोडून अख्खं घर त्या वाळूवर पालथं पडलं, ऊब द्यायला. पण थंड माणसांनी थंड वाळूला काय द्यायचं? अभ्रकाचा नवरा खडपा तिथंच पडल्या पडल्या गारठला. पिवडी जांभई देता देता आखडली, तोंड उघडंच राहिलं. अभ्रका तेवढी हलत होती, नदीकाठच्यांना कमी उन्हाची सवयच.

तिसऱ्या दिवशी गारठायची पाळी गेरूबाईची. तिनं अभ्रकाला वाळूकडे येताना पाहिलं, आणि म्हणाली, “अंड्यांना हात...”

आणि तिची जीभ थांबली.

अभ्रका पुढच्या शब्दासाठी उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. सुनेनं सासूचं बोलणं तोडू नये. पण पुढचं काही येईना. मग तिच्या मनात आलं, अर्धंच सांगितलंय, तर अर्धं आपण ठरवायला हरकत नाही.

मग ती कड्याखालच्या झाडीच्या घळीत उतरली. तिच्या अंगावर शालू होता, आईनं टाकलेल्या कातीचा. लग्नात लेकीला आईची कात देतात त्यांच्यात. तो तिनं सोडला, त्यात ओला, कुजका पालापाचोळा भरला आणि वर आणला. अंडी काढून पाचोळ्यात ठेवली. पुन्हा गेली, पुन्हा भरून आणला. तिसऱ्या खेपेला शालू मधोमध फाटला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तोही अंड्यांवर पांघरला. वरून ढीग दाबून बसवला. ओला पाला दाबला की आतून तापतो, खताच्या ढिगासारखा. नदीकाठी अंडी अशीच ठेवतात. हे सगळं घरानं बघितलं बरं का. डोळे उघडेच होते सगळ्यांचे. नुसतं बोलता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी ऊन पडलं.

“...लावू नकोस,” गेरूबाई म्हणाली.

मग तिला ढीग दिसला. वाफाळत होता.

“अगं आई,” पिवडी म्हणाली, “हिनं अंडी उकिरड्यात पुरली.”

गेरूबाई नखं काढून ढीग उकरायला धावली. अभ्रका ढिगावर आडवी झाली, आणि तिनं सासूचं डोकं धरून पाल्यावर टेकवलं. सासूला काही ऐकू येईना, कान उघडायचे होते अजून. ती तशीच ताटकळली. ऊन चढलं. आणि मग तिच्या कानात पहिला आवाज शिरला तो आतून आलेला.

कुई.

मग दुसरी कुई. मग तर गलकाच.

गेरूबाईनं हात मागे घेतले. “तूच उकर बाई,” ती म्हणाली. “तुमच्याकडची रीत मला कुठं ठाऊक.”

अभ्रकानं अलगद पाला बाजूला केला. सातही फुटली. बेताच्या उबेत मुली आणि मुलगे दोन्ही होतात त्यांच्यात. चार मुली झाल्या, तीन मुलगे. मग घराला जे तोंड फुटलं म्हणता. खडपा म्हणे नाक माझं. पिवडी म्हणे शेपूट आमच्या घराण्याची. गेरूबाई तर कालपासूनचं साठलेलं एकदम बोलत होती. पिल्लं बिचारी दमून अभ्रकाच्या कुशीत वेटोळं करून पडली.

तेव्हापासून तापकड्यावर पाल्याचे ढीग दिसू लागले, आणि ती माणसं ऊन असो नसो, सुखात राहिली. त्यांना मिटायला पापण्या नव्हत्या. तुम्हाला आहेत, मिटा बघू. अभ्रका त्या दिवशी सगळ्यांसमोर पहिल्यांदा काय बोलली, तेवढंच राहिलंय.

ती म्हणाली, “आता सगळ्यांनी हळू बोला. पोरं निजलीत.”