येसूनं वाचलेलं पत्र

राणीचं राज्य होतं तेव्हाचं सांगते, बरं का. राणी सात समुद्रांपलीकडे, आणि येसू इकडे. आठ वर्षांची. आई तान्हेपणीच गेली. मग बा बोटीत बसून लांबच्या एका बेटावर ऊस तोडायला गेला. येसू राहिली आत्यापाशी.

तेव्हा तुमच्याएवढी पोरं कामाला जायची. येसू कापसाच्या कारखान्यात जायची. शिट्टी झाली की आत, शिट्टी झाली की बाहेर. दिवसभर कापसातला कचरा वेचायचा. केसांत कापूस, पापण्यांवर कापूस. भिंतीला लागूनच शाळा होती. तिकडून आवाज यायचा, बे एके बे, बे दुणे चार. येसूचे हात कापसात आणि कान भिंतीला.

मग एकदा बेटावरून पत्र आलं. कारखान्याच्या फाटकाशी पोस्टमननं तिचंच नाव पुकारलं. वाचून दाखवू का, म्हणाला. तिनं मानेनंच नाही म्हटलं. मुकादम म्हणाला, आण इकडे. तिनं पत्र पोलक्यात लपवलं. आत्या तर रागावलीच. येसू म्हणाली, "बानं मला धाडलंय. मीच वाचणार."

मग ती शाळेच्या दारात गेली, मला वाचायला शिकवा म्हणाली. पंतोजी काही वाईट नव्हते हो. पण शाळा भरायची तेव्हाच कारखाना भरायचा. ते तरी काय करणार?

दुपारच्या सुट्टीत येसू शाळेच्या खिडकीखाली बसली. भाकरी तशीच हातात, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात कौलांवरून एक साळुंकी खाली आली. पोरांचं घोकणं ऐकून, पाट्या बघून तिला सगळं पाठ झालेलं. ती माणसासारखी म्हणाली, "रडू नकोस. धुळीत बघ." आणि पायानं तिनं अ काढला.

मग रोज दुपारी असंच. साळुंकीला एक तुकडा, येसूला एक अक्षर. आधी तिला 'बा' लिहिता आलं. मग 'येसू'. मग हळूहळू सगळंच. तोवर पावसाळा सरला, थंडी पडली.

संक्रांतीला येसूनं पाकीट फोडलं. आत मोठाली, वाकडीतिकडी अक्षरं. बोट ठेवून ठेवून तिनं वाचलं.

"येसू, हे मी माझ्या हातानं लिहिलं. तुझ्यासाठी शिकलो. तुझं पत्र आलं तर परत येईन. नाही आलं, तर समजेन की तिकडं माझं कुणी उरलं नाही."

पत्र येऊन किती महिने झालेले! ती पंतोजींकडे धावली. त्यांनी कागद दिला, दौत दिली. येसूनं लिहिलं, "बा, मी आहे. ये."

मग काय, वाट बघायची. होळी झाली. आंबे आले नि संपले. शिट्टी झाली की येसू फाटकाकडे बघायची. कुणी नसायचं.

मग गणपतीच्या आदल्या दिवशी फाटकाशी एक माणूस उभा दिसला. उन्हानं रापलेला, केस पिकलेले. येसूला तो ओळखू येईना. तो म्हणाला, "पत्र उशिरा मिळालं गं." आणि येसूनं त्याला मिठी मारली, कापसासकट.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी गणपती बसवला. सण सरला, पुन्हा शिट्टी झाली. बा कारखान्यात गेला आणि येसू शाळेत.

मग ती सगळी सुखानं राहिली. चला, पांघरूण घ्या अंगावर. मिटा बघू डोळे.