लाल चटया आणि डोहातलं पाणी

जनावरं दुकानं मांडायची, त्या काळातली गोष्ट. ओढ्याकाठच्या बाजारात साळिंदरशेठच्या लाल चटया नावाजलेल्या होत्या. लाल रंगाखाली डागी गवतही खपून जायचं. उरलेला रंग तो ओढ्यात सोडायचा.

खालच्या डोहात पाणमांजरी राहायची. तिच्या पिल्लांच्या अंगावर चट्टे उठले, तशी ती दुकानात आली.

“शेठ, रंग थांबवा. पोरं खाजवून रक्तबंबाळ झालीत.”

“अगं बाई, गिऱ्हाईक लालच मागतं. साध्या चटया मांडून मी काय माशा मारत बसू?” साळिंदर म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या बाजाराची रीत अशी, की गिऱ्हाइकाला आधी पाणी द्यायचं, मग भाव सांगायचा. दुकानांचं पाणी पाणमांजरीच भरायची. पुढच्या बाजारी तिनं साळिंदराचा घडा झऱ्याऐवजी आपल्या डोहातून भरला.

नेहमीची सशीण आली. तिनं घड्यातलं लालसर पाणी निरखलं. “हे असं कशानं हो, शेठ?”

“चटईच्या रंगानं,” पाणमांजरीच बोलली. “माझी पोरं यातच राहतात.”

सशिणीनं उचललेली चटई खाली ठेवली. “मग बिनरंगाची दाखवा. थोडी महाग पडली तरी चालेल.” तिच्या मागं उभ्या भेकरानंही तेच मागितलं. संध्याकाळपर्यंत एकही लाल चटई गेली नाही.

पुढच्या बाजारी चांगल्या गवताच्या साध्या चटया आल्या. पाणमांजरी हात जोडू लागली, तर साळिंदर म्हणाला, “आभार सशिणीचे मान. लाल माल उठेना, म्हणून मी रंग सोडला. आणि हे बघ, पाणी आता डोहातलंच आणत जा. ते निवळलेलं दिसलं, की गिऱ्हाईक घासाघीस करत नाही.”