राजाच्या विड्यावर चौकी

चंडप्रताप राजानं पाच राज्यांची जूट सोडली आणि गोजराच्या बैलांची पंचाईत झाली!

जूट कशापायी सोडली म्हणाल, तर तुपापायी. पाचही राजे वर्षातून एकदा एका पंगतीला बसायचे. त्यांच्यात करार असा, की माल कुणाचाही असो, कुठंही जावो, वाटेत कुणी अडवायचं नाही. यंदा वाढप्यानं आपल्या राजाला तूप चौथ्या नंबरावर वाढलं. झालं! राजा भरल्या ताटावरून उठला. घरी येऊन दवंडी पिटली, "आजपासून आपण आपले! पलीकडची काडीसुद्धा तपासल्याशिवाय आत येणार नाही. पटत असेल त्यांनी हात वर करा!" घरटी गाडगंभर तूप मिळणार, असं कुणीतरी पिकवलं होतं. लोकांनी दोन-दोन हात वर केले.

मग मोजणीवाले दोरी धरून सरळ चालत सुटले. वाटेत काय आहे ते बघायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! दोरी गेली ती नेमकी गोजराच्या मोटेच्या धावेवरून, म्हणजे बैलांच्या उतरत्या वाटेवरून. विहीर राहिली शेजारच्या पद्मगडात, पानमळा आला आपल्यात.

गोजरा म्हणजे पानमळेवाल्या येसूबाची लेक. वय वीस, जीभ चाळीस वर्षांची. येसूबाचे गुडघे गेलेले, म्हणून मोट तीच हाकायची. आता मोटेचे बैल कसे चालतात ठाऊक आहे ना? विहिरीकडून उतरत्या धावेनं खाली येतात, तेव्हा पाणी वर येतं. मग तसेच पाठीमागं पावलं टाकत परत विहिरीशी जातात. तोंड काही फिरवत नाहीत.

धावेच्या मधोमध चौकी बसली. चौकीवर रंगोतात्या, मांडीवर वही.

"थांब! बैल आत आले. नावं सांग."

"चांद्या आणि लाख्या."

"येण्याचं कारण?"

"पाणी, तात्या! दुसरं काय असणार?"

लिहून होतंय तोवर बैल मागं सरायला लागले. तात्या उठून उभा राहिला. "अगं पोरी, हे चालले तिकडं, पण तोंड तर इकडं! आले म्हणून लिहू का गेले म्हणून?"

"तुमच्या वहीला विचारा! माझ्या वेली वाळतायत."

दुपारपर्यंत मोटा झाल्या तीन. मळ्याला लागतात शंभर. चौथ्या दिवशी वेलींनी माना टाकल्या. आणि पानवेल एकदा मेली, की नवी उभी करायला वर्षं जातात. गोजरा तडक दरबारात!

"महाराज, चौकी उचला."

"उचलली तर पद्मगडवाला हसेल! म्हणेल, मोठे वेगळे झाले, हद्द कुठाय?"

"मग बैल तरी सोडा."

"सोडले तर आमचे लोक हसतील! म्हणतील, राजानं शब्द फिरवला."

"म्हणजे हद्द पाहिजे पण, आणि नको पण?"

राजाला झोंबलं. "एवढी शहाणी आहेस ना, मग तूच कर! गावात भिंत नको, फाटक नको, शिपाई नको, बैल अडायला नकोत. पण पलीकडचं काही तपासल्यावाचून सुटता कामा नये! तीन दिवसांत अशी हद्द दाखव. नाही जमलं तर धाव खणून टाकतो, मोट कायमची बंद!"

सगळा दरबार हसला. दिवाणजी गेले सहा महिने याच कामाचा पगार खात होते, ते सगळ्यात मोठ्यानं हसले.

"करते," गोजरा म्हणाली. "पण मला शिक्का द्या. मी कुठंही तपासणी करीन, कुणी आडवं यायचं नाही."

"दिला!"

सकाळी उजाडताच धावेवरची चौकी उठली. मोट धडाधड चालू! दुपारी राजा जेवला आणि सवयीनं विड्याला हात घातला.

"थांबा महाराज! विडा खाली ठेवा."

बघतो तर ताटाशेजारी गोजरा, आणि तिच्यामागं वही घेऊन रंगोतात्या!

"तू इथं काय करतेस?"

"तपासणी. पलीकडचं जिथं पोचतं, तिथं तपासायचं. पान आपल्या मळ्यातलं, पण पाणी प्यालंय पद्मगडचं. तात्या, लिहा."

"न... नाव, महाराज?"

"अरे, माझं नाव तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे, पण विचारावं लागतं. वडिलांचं? विडा खाण्याचं कारण?"

मग कात वेगळा, चुना वेगळा, सुपारी तर तीन राज्यं ओलांडून आलेली! लिहिता लिहिता दिवे लागले आणि पान सुकून कडकडीत झालं. दुसऱ्या दिवशी दुधाची पाळी. म्हैस आपली, पण चरते पलीकडं! तात्याचं लिहून होईपर्यंत दूध नासलं.

तिसऱ्या दिवशी राजानं डाव साधला. दोघं दारातून आत यायच्या आधीच विडा तोंडात कोंबला.

"तोंड उघडा, महाराज!" गोजरानं शिक्का पुढं धरला. "तात्या, दिवा आणा. मागच्या दाढा दिसत नाहीत!"

राजा भरल्या तोंडानं गरजला, "ही कसली हद्द? माझ्याच घरात मलाच अडवते!"

"भिंत नाही, फाटक नाही, गावात शिपाई नाही, बैल अडत नाहीत, आणि न तपासता एक पान सुटत नाही. तुमच्या बोलण्यातला एक तरी शब्द खाली पडलाय का? हद्द काढली की ती कुठंतरी बसणारच, महाराज. गावातून उठवली, ती तुमच्या ताटाशी आली. आता तुम्हीच सांगा, कुणाला अडवू? बैलांना का तुम्हाला?"

राजानं डोळे वटारले. गाल फुगले. आणि असा खदाखदा हसला, की विड्याची पिंक थेट तात्याच्या वहीवर! सगळी पानं लालभडक.

"जा पोरी, बैल मोकळे!" डोळे पुसत राजा म्हणाला. गोजराला चांदीचा पानपुडा दिला, आणि विहिरीपासून पानमळ्यापर्यंत कुणी काही विचारायचं नाही, असा कागद करून दिला.

संध्याकाळी राज्यभर दवंडी फिरली: "ऐका हो ऐका! आपली हद्द आता इतकी कडक झाली आहे, इतकी कडक झाली आहे, की ती कुणालाच दिसत नाही!"