साळुंकीच्या अंगाया

रानाला कुंपण ठाऊक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. गजरी साळुंकीच्या डोक्यात एकदम आलं, अंगाया विकायच्या! गाणं कितीही दिलं तरी सरत नाही, आणि बाळं काय, घरोघरी! तिनं झटक्यात साखळी लावली. कुणाकडे पिल्लू झालं ते चिमणी सांगे. रानातली सगळी गाणी कानात साठवलेला पोपट क्षणात नवी अंगाई जुळवी. कावळा ती पोचवून बदल्यात उंबरं आणी. गजरी फांदीवर नाचे, “बघा गं बायांनो, मी झोपले तरी माझा धंदा जागा!”

एका तिन्हीसांजेला घुबडीण पंख आपटत आली. “गजरे, आग लाव तुझ्या धंद्याला! म्हणे, ‘रात झाली, नीज बाळा’! अंधार पडला की माझं पोर घोरतंय. शिकार शिकणार कधी? उपाशी वाळलंय नुसतं!”

“सगळ्या अंगाया असंच म्हणतात, बाई,” पोपट म्हणाला.

“मी आपला पोचवतो,” कावळा म्हणाला.

विकलेली एकही अंगाई गजरीनं स्वतः ऐकली नव्हती. ती तडक घुबडाच्या ढोलीत गेली आणि गायली, “उन्हं आली, नीज बाळा, चांदणं पडलं, ऊठ बाळा!” पिल्लानं टक्क डोळे उघडले आणि आईमागे झेप घेतली.

गजरी नाचतच परतली. पोपट आणि कावळ्याच्या मधोमध तिनं ठाण मांडलं. “साखळी चालूच राहणार! पण मी ऐकल्याशिवाय एक सूर पुढं जायचा नाही!”

तेवढ्यात वटवाघळीण येऊन समोर उलटी लटकली.

“ये गं बाई!” गजरी हरखून म्हणाली. “आधी सांग, तुझं बाळ झोपतं कसं?”