पांढऱ्या तोंडाचा पाव्हणा

फार वर्षांमागं, बोरदऱ्याच्या नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. गावात सटवाजी परीट राहायचा. साऱ्या गावाचे कपडे तो धुवायचा आणि धुता धुता पाखरं बघायचा. नदीकाठचं प्रत्येक पाखरू त्याला नुसत्या चालीवरून ओळखू यायचं, असं म्हणतात.

त्यातलं एक त्याचं फार लाडकं. काळं-पांढरं, सडपातळ, शेपूट सारखं वर-खाली आपटणारं, जणू दगडावर धुणं बडवतंय. म्हणून त्याचंही नाव परीटच. काळ्या गळ्याचा परीट नदीवर बारमाही असतो. पांढऱ्या तोंडाचा मात्र पाव्हणा, तो आश्विनात उत्तरेकडून येतो. तो आला की पाऊस संपला, हे सटवाजीला बापाकडून ठाऊक होतं. मग तो वेशीत उभा राहून हाक द्यायचा, "परीट आला हो." त्या हाकेवर गाव कापलेली बाजरी टेकावरून खाली नदीकाठच्या खळ्यांवर न्यायचं. उफणायला वारं तिथंच लागायचं.

एका वर्षी आश्विन सरत आला, आभाळ लख्ख झालं, तरी पाव्हणा येईना.

"सटवाजी, तुझा भाऊबंद वाटेत कुणाच्या लग्नात जेवायला बसला काय?" पाटील म्हणाले.

"बसला असंल, पाटील. पर त्यो जेवून येईस्तवर कणसं खाली नेऊ नगा."

गाव हसलं, पण थांबलं.

अशात एका सकाळी सटवाजीकडं खरोखरीचा पाव्हणा आला. चिंचखोऱ्याचा धोंडजी परीट, आपल्या मुलासाठी सटवाजीची लेक ठकू बघायला. ठकूची दोन स्थळं आधीच मोडली होती. सटवाजीची बायको गोजरा लगबगीनं दारात आली आणि नदीच्या घाटावर धुणं धूत असलेल्या नवऱ्याकडं तोंड करून ओरडली, "चिंचखोऱ्याचा परीट आला वं!" पहिला शब्द वाऱ्यानं वाटेतच खाल्ला. उरलेली हाक गावभर गेली, आणि गाव त्याच हाकेची वाट बघत होतं.

बैठक छान रंगली. मुलगी पसंत पडली. सुपारी फोडायला घेतली, एवढ्यात सटवाजीला दारातून गाड्यांची रांग दिसली.

"कुठं निघाल्या?" त्यानं विचारलं.

"खळ्यावर," गाडीवान म्हणाला. "परीट आला न्हवं."

सुपारी फुटायच्या आत बैठकीतून उठणं म्हणजे सोयरीक मोडली, असा तेव्हाचा रिवाज. सटवाजीनं एकदा आत उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं. मग हात जोडले आणि तो उठला.

"पाटील, पाखरू न्हाई आलं," तो खळ्यावर पोचून म्हणाला. "माझ्या घरी पाव्हणं आल्यात."

"हाक तुझ्याच घरातनं आली की. आणि आभाळ बघ, ढगाचा ठिपका न्हाई. आता पुन्हा वर कोण वाहील?"

सटवाजीनं वाळत घातलेली लुगडी-धोतरं ओढली, त्यांत कणसं बांधली, गाठोडी गाढवांवर टाकली आणि टेकाची वाट धरली. एक खेप झाली, दुसरी झाली.

"लोकांचे धुतलेले कपडे मळवतोस व्हय रं?" कुणीतरी ओरडलं.

"मळ माझ्या हातानं निघतो, दादा. भिजलेलं दाणं कुणाच्या हातानं वाळत न्हाईत."

तिसऱ्या खेपेला त्याच्या गाढवांमागं आणखी तीन गाढवं चालू लागली. सटवाजीनं वळून बघितलं. आपली गाढवं घेऊन धोंडजी आला होता.

"व्याही," धोंडजी म्हणाला, "गाठ सैल बांधलीया. ओढून बांधा."

त्या एका शब्दावर सोयरीक ठरली. आणि परगावचा माणूस राबतोय हे बघून गाव वरमलं. पाटलांनी आपली गाडी सगळ्यांत आधी वळवली.

दिवस कलायला आला तेव्हा खळी रिकामी झाली होती. तेवढ्यात वरच्या डोंगरातलं पाणी आलं. इथं डोक्यावर निळं आभाळ, आणि नदी तांबडी होऊन बांधाबाहेर पडलेली. खळ्यातले तिवडे, म्हणजे मळणीचे मधले खांब, शेंड्यापर्यंत बुडाले. टेकावरच्या बाजरीचं एक कणीससुद्धा भिजलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. सटवाजीच्या धुण्याच्या दगडावर पांढऱ्या तोंडाचा पाव्हणा शेपूट आपटत बसला होता. त्याच्यामागं शंभर, त्यांच्यामागं हजार. गावाचं सगळं धुणं वाळत घातल्यासारखी वाळू पांढरी दिसली, असं म्हणतात. मळलेली लुगडी-धोतरं त्या दिवशी एका पाण्यात स्वच्छ निघाली, असंही म्हणतात. खरं-खोटं तो दगड जाणे.

आता नदीवर पूल आहे, मळणीला यंत्र आहे. तरी पाव्हणा दिसल्याशिवाय बोरदऱ्यात यंत्र सुरू होत नाही. ज्याला तो पहिल्यांदा दिसेल त्यानं वेशीत हाक द्यायची, पण "परीट आला" अशी नाही. "व्याही आले" अशी. त्या दिवशी सटवाजीचा दगड मोकळा ठेवतात आणि नव्या बाजरीची पहिली भाकरी परटाच्या घरी जाते.

आणि सुपारी फुटायच्या आत कुणी बैठकीतून उठून नदीकडं गेलाच, तर बोरदऱ्यात पाव्हण्यांना राग येत नाही. तो परत आला की ते एवढंच विचारतात, "दिसला का?"