दोनशे बारा पानांचं बिऱ्हाड

चिंचणवाडी नावाच्या गावात निवास थोरवत नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा इतका, की एसटीत 'हात बाहेर काढू नका' ही पाटी वाचली, तर हात आत ठेवून खाली उतरायचं कसं, या विचारात तो पुढच्या गावाला जाऊन पोचायचा. पण कामाला वाघ. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. अडचण तीच होती.

गावात एक चांगलं काम चाललं होतं. रेवती आवटे नावाच्या कॉलेजातल्या मुलीने चार मित्रांना घेऊन 'कित्ता' नावाचा प्रोग्राम बनवला होता, संगणकावर मराठी लिहायला शिकवणारा. फुकट, आणि उघडा. कोणीही घ्यावा, आत डोकावून पाहावं, सुधारून पुढे द्यावा. तो वापरायचा कसा हे सांगणारी दोनशे बारा पानं त्याच्या वेबसाइटवर होती. ती तांबोळी सरांनी लिहिली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर, दोन बोटांनी, सात वर्षं बसून.

वेबसाइट होती विकीवर. विकी म्हणजे चावडीवरचा फळा. येणाऱ्याने खडू उचलावा, हवं ते लिहावं. चांगली माणसं चांगलं लिहीत. मग एक दिवस कोणीतरी येऊन केशतेलाची जाहिरात लिहून गेलं. तेव्हा रेवतीने ठरवलं, आता सगळं गिटमध्ये न्यायचं. गिट म्हणजे आठवणीने पक्की वही. कोणी काय बदललं, का बदललं, सगळं तिच्यात राहतं.

घाईही होती. विकी कॉलेजच्या एका म्हाताऱ्या यंत्रावर चालायचा, आणि ते यंत्र सोमवारी भंगारात जाणार होतं. त्याआधी पानं हलली नाहीत, तर सरांची सात वर्षंही त्याच्याबरोबर भंगारात. काम निवासकडे आलं, कारण बाकी सगळ्यांच्या परीक्षा होत्या.

रेवती म्हणाली, "निवासदादा, पानं जशीच्या तशी उतरवा. इकडचा काना तिकडे नको."

निवासने पहिली दहा पानं उतरवली. जशीच्या तशी. 'येथे चित्र येईल' हेही उतरवलं. 'हा परिच्छेद चुकला आहे, उद्या दुरुस्त करतो' ही सरांची टीपही उतरवली. केशतेलाची जाहिरात तर बाटलीच्या चित्रासकट उतरवली. एका पानावर 'थोडं थांबा' असं लिहिलेलं होतं. तिथे तो दुपारपर्यंत थांबला.

रेवतीने कपाळाला हात लावला आणि सांगितलं, की जुनं, बिनकामाचं जे दिसेल ते सरळ काढून टाकायचं.

अकरावं पान होतं 'कित्त्याचा इतिहास'. त्यात सगळंच जुनं. निवासने सगळंच काढलं. बारावं पान होतं 'यांनी हातभार लावला'. नावांवरून जुनं कोण, नवं कोण, ते कळेना. म्हणून त्याने एकेकाला फोन करून वय विचारलं. सर म्हणाले, चौऱ्याहत्तर. त्यांचं नाव काढलं.

दुसऱ्या दिवशी सर काठी टेकत आले. "निवास, माझं नाव कुठं गेलं रे?"

"सर, तुम्ही जुने."

सर हसले. रेवती हसली नाही. तिने नियमच घालून दिला. काही करायचं तर आधी त्याचं कारण लिहायचं, आणि दुसऱ्या माणसाने पाहून हो म्हटल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

निवासने नियम इतका मनावर घेतला, की तो घरीही पाळला. वही केली. 'चहा घेतला. कारण: तल्लफ.' बायकोने, अलकाने, ताट वाढलं, तर हा भाकरीकडे बघत बसून. दुसऱ्या माणसाने पाहायला हवी ना. शेजारच्या काकू येऊन भाकरी उलटीसुलटी करून हो म्हणेपर्यंत आमटी निवली. अलकाने मग वहीत स्वतःच लिहिलं: 'रात्रीचं जेवण मिळणार नाही. कारण: नवरा.' काकूंनी त्यालाही हो म्हटलं.

इकडे रेवती पेपर देऊन बाहेर आली, तर फोनवर एकशे तीन निरोप. 'ताई, स्वल्पविराम काढू का?' 'काढला तर कारण काय लिहू?' 'तुम्ही हो म्हणाला नाहीत म्हणून परत घातला. तो काढू का?' गुरुवार संपला होता, आणि झाली होती चौदा पानं.

तिने निवासला समोर बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "दादा, इतकं भ्यायचं नाही. चुकलं तरी मागचं परत येतं. काही म्हणजे काही हरवत नाही. फक्त एकच गोष्ट दोन जागी ठेवू नका, लोक गोंधळतात. जुन्या पानावर नव्या जागेची पाटी लावा, बस्स."

निवासला एकदम मोकळं वाटलं. शुक्रवारी तो कामाला लागला तो उठलाच नाही. आधी त्याने पाट्यांचं काम उरकलं. जुन्या दोनशे बारा पानांवरचा मजकूर पुसला आणि प्रत्येकावर लिहिलं: 'हे पान नव्या जागी गेलं आहे. तिकडे वाचा.' मग ती पानं गिटमध्ये उतरवली. जशीच्या तशी. इकडचा काना तिकडे नाही.

शनिवारी रेवतीने नवी वेबसाइट उघडली. शेजारी सर बसले होते. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'हे पान नव्या जागी गेलं आहे. तिकडे वाचा.' रेवतीने 'तिकडे'वर बोट ठेवलं. तिकडेही तेच लिहिलेलं. दुसरं पान, दहावं पान, दोनशे बारावं पान. सगळी पानं कुठेतरी गेलेली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हळूच विचारलं, "बाळ, माझी पानं गेली का गं?"

रेवतीने त्यांना समजावलं, की विकीसुद्धा मागचा मजकूर जपून ठेवतो. जुनं यंत्र अजून कॉलेजात आहे. तासाभरात सगळं परत येईल.

"कॉलेजात नाही," निवास खुशीत म्हणाला. "काल संध्याकाळी सदाभाऊंकडे पोचवलं."

सदाभाऊ म्हणजे भंगारवाले.

"ते सोमवारी जायचं होतं, दादा."

"काम झालं ना, ताई. आणि चुकलं तरी मागचं परत येतं, तुम्हीच म्हणालात. मी तर बिनघोर दिलं."

सर काठी घ्यायला विसरून तिच्या स्कूटीवर मागे बसले.

सदाभाऊंच्या आवारात घणाचे आवाज येत होते. एक पंखा फुटला होता, दोन कूलर फुटले होते. यंत्र मात्र कोपऱ्यात धडधाकट उभं. त्याच्या पोटावर कागद चिकटवलेला: 'रेवतीताईंनी पाहून हो म्हटल्याशिवाय फोडू नये. कारण: नियम.'

सदाभाऊ वैतागून म्हणाले, "अहो, कालपासून घण घेऊन बसलोय. कोणी हो म्हणायलाच येईना."

यंत्र रिक्षात घालून कॉलेजात आणलं. रेवतीने परीक्षेचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि कामाला बसली. रविवारी दुपारपर्यंत विकीवरचा मजकूर परत आला, आणि दोनशे बारा पानं गिटमध्ये गेली. केशतेल गळलं. सरांचं नाव सगळ्यात वर आलं. कॉलेजातल्या त्या खोलीत मात्र खुर्च्या अस्ताव्यस्त, जमिनीवर वायरी, चहाचे पेले. रेवतीची गाडी सुटायला आली होती, सोमवारी शेवटचा पेपर. दारातून ती म्हणाली, "निवासदादा, मी निघते. सगळं होतं तसं करून ठेवा."

सोमवारी पेपर संपला आणि तिचा फोन वाजला. लांबच्या कुठल्याशा शाळेतल्या बाई होत्या. कित्ता फार छान आहे म्हणाल्या. मग जरा संकोचून विचारलं, ते केशतेल कुठे मिळेल.

रेवती थेट भंगारात गेली. का, ते तिला सांगता आलं नसतं. पण तिचा अंदाज बरोबर निघाला. यंत्र ठरल्याप्रमाणे सोमवारी भंगारात होतं. फक्त चालू होतं. सदाभाऊंच्या लेकीच्या अभ्यासाचं इंटरनेट खिडकीतून वायर ओढून त्याला जोडलेलं. फुटक्या कूलरशेजारी, पालथ्या डब्यावर तांबोळी सर बसले होते.

"पानं सगळी आहेत," सर म्हणाले. "दोनदा मोजली."

निवास फडक्याने यंत्र पुसत होता. त्याने सविस्तर सांगितलं. पानं विकीवर होती, विकीवर ठेवली. गिटमध्ये काही नव्हतं, तिथून काढली. यंत्र सदाभाऊंकडे होतं, सदाभाऊंकडे आणलं. केशतेलाला जरा वेळ लागला, बाटलीचं चित्र सापडत नव्हतं.

रेवतीने यंत्राच्या पोटावरचा नवा कागद वाचला. 'सगळं होतं तसं केलं. कारण: ताई म्हणाल्या.'

खाली, नियमाप्रमाणे, दुसऱ्या माणसाची सही होती.

'पाहिलं. हो. सदाभाऊ भंगारवाले.'