पदाजी तांडेलाची हाक

आवळीबंदराच्या किनाऱ्यावर अजून माडसुद्धा लागले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात पदाजी राहत होता, गलबत हाकणारा तांडेल. वाऱ्याशी तो घरच्या माणसासारखा बोलायचा, असं म्हणतात.

एकदा आरमाराच्या ‘जयचंडी’ गलबतावर सरदाराने एका आजारी खलाशाला मरेपर्यंत फटके मारले. खलाशी खवळले. त्यांनी सरदाराला समुद्रात लोटलं आणि गलबत शत्रूच्या किल्ल्याखाली नेऊन उभं केलं. त्या खलाशांत पदाजीचा धाकटा भाऊ नामाही होता.

सुभेदाराने हुकूम सोडला, गलबत परत आणा. पण तोफांच्या तोंडी जाणार कोण?

पदाजी म्हणाला, "मी जातंय."

भर दुपारी, किल्ल्यावरचे लोक जेवायला बसले असताना, मासेमारीच्या होड्या गलबताला टेकल्या. जाळ्यांखालून पदाजीची माणसं उठली. पहारेकऱ्यांशी झटापट झाली, पदाजीच्या कपाळावर वार बसला. गलबत हाती आलं, पण शिडं चढवायला हात पुरेनात. शत्रूचा त्या बंडखोरांवर विश्वास नव्हताच. त्याने त्यांना गलबताच्या तळाशी कोंडलं होतं. पदाजीने झडप उघडली. नामा वर आला. भावाच्या कपाळावरचं रक्त त्याने पाहिलं, तरी दोराला हात लावेना.

"दादा, थंय बंदरात आमका फास आसा."

"फास पयलो माझ्या गळ्यात पडात. शीड चढव."

नामाने दोर धरला. तोवर तोफा सुरू झाल्या, आणि वारा तर पार पडलेला. पदाजीने समुद्राकडे बघून हाक मारली. वारा आला, तो फक्त त्या गलबताच्या शिडांत भरला. किल्ल्यावरचं निशाण लोंबकळतच राहिलं, असं म्हणतात.

वाटेत एका खाडीच्या तोंडाशी पदाजीने नामाला आणि त्याच्या सोबत्यांना उतरवलं.

गलबत बंदरात आलं. सुभेदाराने विचारलं, "बंडखोर कुठं आहेत?"

"तुमी गलबत आणूक सांगितल्यात," पदाजी म्हणाला. "गलबत इलां."

सुभेदाराने त्याला फास दिला नाही. पण पदाजीने पुन्हा कधी गलबतावर पाय ठेवायचा नाही, असं फर्मावलं.

नामा परतला नाही. पदाजी म्हातारा होईतो किनाऱ्याच्या खडपावर, उघड्या कातळावर, बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारायचा, "माणसां सगळी इली मां?"

आजही आवळीबंदरात होडी आली की मासळीची चौकशी आधी होत नाही. खडपावर जो कुणी असेल तो पदाजीच्या नावाने तीच हाक देतो. होडीतला एकेक जण आपलं नाव सांगतो. सगळ्यांचं झालं की होडीचा तांडेल आणखी एक नाव घेतो, नामाचं. मगच दोर टाकतात.